मशीन कामाने नाही, पडून राहून खराब होतं

काल ब्रश कटरचं या सीझनचं शेवटचं काम उरकलं. आता तीन-चार महिने तरी तो लागणार नाही, म्हणून संध्याकाळी बसून नीट आवरून ठेवला, मग म्हटलं हात काळे झालेच आहेत तर गवत कापायचं मशीन पण घेऊ, आणि दोघांचं करता करता ठरवलं की हे सगळं एकदा लिहूनच काढायचं. कारण गेल्या महिनाभरात तिघांनी मला जवळपास एकच गोष्ट विचारलीये. "अरे ठेवलं तेव्हा मस्त चालू होतं, आता दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी ढिम्म, असं कसं काय?"

उत्तर त्या प्रश्नातच आहे. ठेवलं तेव्हा चालू होतं, म्हणजे बिघडलं ते ठेवल्यानंतर. आपल्याला वाटतं मशीन वापरलं की झिजतं आणि न वापरता ठेवलं की जसंच्या तसं राहतं, पण पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचं बरोब्बर उलटं असतं, ते कोपऱ्यात पडून जेवढं खराब होतं तेवढं कामात होत नाही. मग तो गवत कापायचा मोअर असो, ब्रश कटर असो, चेनसॉ, पाण्याचा पंप किंवा छोटा जनरेटर, आत सगळीकडे कहाणी तीच आणि खलनायक पण तोच. टाकीत राहिलेलं पेट्रोल.

मला हे कळलं ते माझ्या पहिल्या मशीनच्या दुसऱ्या वर्षी. मी प्लग बदलला, फिल्टर झटकला, दोरी ओढत बसलो, शेवटी एका ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेलो. त्यांनी काही न बोलता कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, खालचा बोल्ट सोडला, वाटी खाली घेतली आणि माझ्यासमोर धरली. आत पिवळट तपकिरी चिकट थर, डिंक वाळल्यासारखा, आणि वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या वार्निशसारखा आंबूस. "काका, हे काय आहे?" "तुमचंच पेट्रोल आहे हो. गेल्या वर्षीचं. शिळं झालं." मग त्यांनी छोटा पितळी जेट काढून उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "बघा, आरपार दिसतंय का?" नव्हतं दिसत. मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक असतं ते, त्यातून इंजिनाला लागणारं सगळं पेट्रोल जातं, आणि ते भोक बुजलं की तुम्ही वर काहीही बदला, काही उपयोग नाही.

तर पेट्रोल शिळं होतं म्हणजे नक्की काय होतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नाही, शेकडो हायड्रोकार्बन्सचं मिश्रण आहे. त्यातले हलके असतात ते आधी उडून जातात, आणि नेमके तेच थंड इंजिन सुरू व्हायला लागतात. जे राहतात त्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की हळूहळू डिंक तयार व्हायला लागतो. टाकीत पाच लिटर असेल तर त्याला वेळ लागतो पण कार्बोरेटरच्या वाटीत मूठभर सुद्धा पेट्रोल नसतं, वर हवेला वाट मोकळी, त्यामुळे तिथलं सगळ्यात आधी बिघडतं. बहुतेक इंजिन कंपन्या ३० दिवस ही मर्यादा धरून चालतात. म्हणजे महिनाभरात मशीन लागणार नसेल तर पेट्रोलचं काहीतरी करायचं, एवढं डोक्यात फिट करून टाका.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉलला पाणी फार प्रिय, हवेतला ओलावा ते ओढून घेतं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं, त्याच्या पुढे गेलं की एक दिवस पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि जड म्हणून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि इंजिन पेट्रोल ओढतं कुठून, तर तळातूनच. टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे ब्रश कटर, चेनसॉसारख्या ज्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात तिथे, हे अजून वाईट कारण ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, म्हणजे जे काही आत जातं त्यात ऑइल जवळपास नसतंच. बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर रबराच्या नळ्या, सील, डायफ्रॅम (कार्बोरेटरमधले पातळ लवचिक पडदे) यांना त्रास होऊ शकतो, तर तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत काय आकडा दिलाय तो एकदा बघून घ्या आणि पंपावर काय मिळतंय ते पण.

मी करतो ते असं. फोर स्ट्रोक (ज्यात ऑइल पेट्रोलपासून वेगळं असतं) मोअरचं काम संपलं की उघड्यावर नेतो, इंजिन पूर्ण गार होऊ देतो, हातपंपाने टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढतो आणि मग उरलंसुरलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. ते आपोआप बंद पडलं की चोक देऊन परत एकदा सुरू करून बघतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पण निघून जातं. वाटीला खाली ड्रेन बोल्ट असेल तर तोही सोडून थेंब थेंब काढून टाकायचं. ब्रश कटर आणि चेनसॉमध्ये वाटीवाला कार्बोरेटर नसतो, डायफ्रॅमवाला असतो, तिथेही टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवलेलं बरं, नाहीतर डायफ्रॅम चिकटून बसतात आणि मग किट बदलावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे टाकी वरपर्यंत ताज्या पेट्रोलने भरायची, त्यात फ्युएल स्टॅबिलायझर टाकायचा आणि दहा एक मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे ते औषध घातलेलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं. हेही चालतं, जनरेटरसारख्या अचानक लागणाऱ्या मशीनला तर हेच सोयीचं. पण स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच टाकायचा, शिळं झालेलं त्याने परत ताजं होत नाही. आणि अर्धी टाकी ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, वर रिकाम्या जागेत दमट हवा आणि खाली पेट्रोल, दोन्हीकडून नुकसान. माझं मत विचाराल तर टाकी रिकामीच करा. भरलेली टाकी घरात ठेवणं मला पटत नाही, का ते पुढे सांगतोच.

त्याआधी एक, पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढू नका. मी चांगले शिकलेसवरलेले लोक हे करताना बघितलेत आणि दर वेळी अंगावर काटा येतो. पोटात गेलं तर त्रास आहेच, पण खरी भीती ते चुकून श्वासाबरोबर फुफ्फुसात जाण्याची, अगदी थोडं गेलं तरी रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. आणि कोणी गिळलंच तर उलटी करायला लावायची नाही, कारण वर येताना ते परत फुफ्फुसात जायचा धोका असतो, सरळ दवाखाना गाठायचा. साधा हातपंप मिळतो, तो घ्या.

आता ते भरलेल्या टाकीचं. आमच्याकडे पूर्वी मशीन आणि पेट्रोलचा कॅन ज्या खोलीत असायचे त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीला गॅस गिझर होता. कोणाच्या डोक्यातच आलं नाही की यात काही चूक आहे, कारण दोघांमध्ये अंतर होतं. एकदा संध्याकाळी मी मशीन आत ठेवलं आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा राहिला. सकाळी सगळ्यात आधी बाबा उठले, दार उघडलं, आणि मी मागून दिव्याचं बटण दाबायला हात पुढे केला तर त्यांनी इतक्या जोरात "हात लावू नकोस!" म्हटलं की मी जागीच थांबलो. मग मला वास आला. रात्रभर पेट्रोल थेंब थेंब गळत होतं, कार्बोरेटरमधल्या सुईत कचरा अडकला होता त्यामुळे वाटी भरली तरी पेट्रोल थांबत नव्हतं, आणि खाली फरशीवर मोठा ओला डाग. आम्ही काही चालू केलं नाही, काही बंद केलं नाही, उलट्या पावली बाहेर आलो, गॅसचा सिलेंडर बाहेरच्या बाजूला होता त्याचा कॉक तिथूनच फिरवला, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या बाहेरून ढकलून उघडल्या आणि बराच वेळ तसंच थांबलो. त्या दिवशी गिझर चालू करायला अजून कोणी गेलं नव्हतं, एवढंच.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण मला स्वतःला तोपर्यंत वाटायचं की पेट्रोल पेटतं म्हणजे पेट्रोलला काडी लागली तर पेटतं. तसं नाहीये. पेटते ती त्याची वाफ, आणि ती वाफ उणे ४० अंशाच्या आसपास सुद्धा पेट घेण्याइतकी तयार होत असते, म्हणजे तुम्ही कुठेही रहा, कुठलाही ऋतू असो, पेट्रोल नेहमीच धोक्याच्या तापमानात असतं. ती वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. त्यामुळे वर उडून न जाता पाण्यासारखी जमिनीवरून पसरते, दाराखालून जाते, पायरी उतरते, खड्ड्यात साठते आणि लांब कुठेतरी गिझरची ज्योत, स्विचची ठिणगी, फ्रिजचा चालू-बंद होणारा रिले जे काय असेल तिथे पोचते. हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली की पुरे. म्हणूनच "दोघांमध्ये अंतर होतं" याला काही अर्थ नव्हता.

आणि बघा, त्या दिवशीची चूक देखभालीची होती की सुरक्षिततेची? कॉक उघडा राहिला, सुईत कचरा अडकला. कचरा आला कुठून तर जुन्या पेट्रोलातून आणि कधीही न धुतलेल्या टाकीतून. म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत, जे पेट्रोल पडून राहून जेट बुजवतं तेच पडून राहून घर पेटवू शकतं. तेव्हापासून आमच्याकडे मशीन आणि कॅन राहत्या घरात नाही. घराला न चिकटलेली, हवा खेळती असलेली छोटी शेड, जिच्यात ज्योत, हीटर, चार्जर, ठिणगी उडवणारं काहीच नाही. स्वतंत्र शेड सगळ्यांना जमणार नाही हे मान्य, पण मग टाकी कोरडी करून मशीन ठेवा आणि जास्तीचं पेट्रोल घरात आणूच नका. ते काम संपलं की संपवायचं.

कॅनबद्दल लोक फारच बेफिकीर असतात. पाण्याची बाटली, कोल्ड्रिंकची बाटली, तेलाचा जुना डबा, काहीही. ते प्लास्टिक पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं, मऊ पडतं, झाकण वाफ धरत नाही, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे लहान मूल किंवा तहानलेला माणूस ते पाणी समजून तोंडाला लावू शकतो. पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या. तो काठोकाठ भरू नका कारण पेट्रोल गरम झालं की फुगतं, १० अंशाला जवळपास एक टक्का, म्हणजे १० लिटरचा कॅन सकाळी गार असताना गच्च भरला आणि दुपारी २० अंश तापला तर साधारण २०० मिली पेट्रोलला जागाच नाही. वरची पाच टक्के जागा मोकळी ठेवायची. भरताना कॅन गाडीत किंवा डिकीत ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा आणि पंपाचं नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं. याचं कारण स्टॅटिक. पेट्रोल वाहताना चार्ज तयार होतो, जमिनीवरच्या कॅनमधून तो निघून जातो, गाडीतल्या कार्पेटवर किंवा प्लास्टिकवर ठेवलेल्या कॅनमधून जायला वाट नाही, मग ठिणगी. आणि कॅनवर तारीख लिहा. मी चिकटपट्टी लावून मार्करने लिहितो. एक महिना झाला की ते पेट्रोल मशीनमध्ये जात नाही. फार शिळं, रंग बदललेलं असेल तर गटारात, मातीत, संडासात ओतू नका, धोकादायक कचरा घेणारी व्यवस्था जिथे असेल तिथे झाकण लावून द्या.

टू स्ट्रोकवाल्यांनी वेगळा कॅन ठेवा, वेगळ्या रंगाचा असेल तर उत्तमच. ५० ला १ प्रमाण म्हणजे एका लिटरला २० मिली ऑइल, २५ ला १ म्हणजे ४० मिली. अंदाजपंचे नाही, मापाने. साधं पेट्रोल चुकून ब्रश कटरमध्ये गेलं तर काही मिनिटांत पिस्टन सिलेंडरमध्ये जाम होतो, आणि मग ती दुरुस्ती नसते, नवीन इंजिनच असतं. ऑइल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचंच घ्यायचं, डब्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफडी असं लिहिलेलं असतं, बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल वेगळं असतं ते इथे नको. मिश्रण टाकीत नाही, कॅनमध्ये करायचं, आणि दर वेळी भरायच्या आधी कॅन हलवून घ्यायचा.

पेट्रोल भरतानाची गडबड हा अजून एक माझा दुखरा विषय. अर्धं गवत राहिलंय, टाकी संपली, सायलेन्सर तापून लाल व्हायचा बाकी आहे आणि माणूस वरून नरसाळं लावून ओततोय. थांबा हो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पाणी प्या, तेवढ्यात पातं बघा. सांडलं तर पुसा, सुकू द्या, फडकं उघड्यावर वाळत टाका. आणि जिथे भरलं तिथेच सुरू करू नका, तीन मीटर तरी लांब न्या.

ऑइलबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला वाटतं इंजिनाचं आयुष्य यावरच ठरतं. गाडीच्या इंजिनात ऑइल फिल्टर असतो, अशा छोट्या फोर स्ट्रोक इंजिनांत बहुतेक वेळा नसतोच. आत एक छोटं चमच्यासारखं टोक फिरतं आणि ते ऑइल सगळीकडे उडवतं, झालं वंगण. म्हणजे जो काही धातूचा चुरा, काजळी, धूळ आत तयार होते ती सगळी त्याच अर्ध्या-पाऊण लिटर ऑइलमध्ये गोल गोल फिरत राहते, तिला बाहेर काढायचा एकच मार्ग म्हणजे ऑइल बदलणे. नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल तर पहिल्या ५ ते २० तासांतच बदलायला सांगतात कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना सगळ्यात जास्त चुरा तेव्हाच निघतो. नंतर मशीनप्रमाणे ५० ते १०० तासांनी, किंवा तास भरले नाहीत तरी सीझनला एकदा. ऑइलचा ग्रेड एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३०, पुस्तिकेत जो असेल तो. आणि बदलायचं ते ठेवण्याआधी, पुढच्या सीझनला काढल्यावर नाही. हे बरेच जण उलटं करतात. वापरलेल्या ऑइलमध्ये जळालेल्या पेट्रोलचं आम्ल आणि ओलावा असतो, तो घेऊन इंजिन चार महिने बसलं तर आतले बेअरिंग, सिलेंडर गंजायला निवांत वेळ मिळतो. इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट करा, मग बंद करून काढा, भराभर येतं. भरताना मशीन सपाट जागेवर, आणि खुणेच्या वर नाही. जास्त भरलं तरी धूर, फेस आणि एअर फिल्टरमध्ये ऑइल. निघालेलं काळं ऑइल कॅनमध्ये साठवून ते घेणाऱ्या गॅरेजला द्या.

एअर फिल्टर. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण ९ हजार लिटर हवा लागते, आणि ही मशीन काम कुठे करतात तर धुळीत, भुशात, गवताच्या तुसात. त्या ९ हजार लिटर हवेतली धूळ अडवणारं एवढं एकच पातळ काहीतरी असतं मध्ये. ते फाटलं की धूळ सरळ पिस्टनच्या रिंगांवर, पॉलिश पेपर घातल्यासारखी. फोमचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा, मग थोडं इंजिन ऑइल लावून दाबून जास्तीचं काढून टाका. पेट्रोलने धुवू नका. कागदी असेल तर फक्त हलकं आपटायचं, धुवायचं नाही, ऑइल लावायचं नाही, कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारायची नाही, कागदाला न दिसणारी भोकं पडतात. काळा झाला की नवा. आणि फिल्टर नाही म्हणून "आजच्या दिवस" तसंच चालवणं, ते अजिबात नको.

प्लग काढला की त्याचं तोंड बघायची सवय लावा, तो आतली सगळी बातमी देतो. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर तुंबलाय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. ओला काळा चिकट असेल तर ऑइल वर येतंय. फोर स्ट्रोकला प्लगच्या दोन टोकांमधली फट म्हणजे गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचा. परत लावताना आधी हाताने आटे बसवा आणि शेवटी थोडाच पाना फिरवा, ॲल्युमिनियमचे आटे गेले तर फार वाईट काम.

पात्याला हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढायची. नेहमी, न चुकता, दोन सेकंदांच्या कामाला सुद्धा. मोअरमध्ये पातं आणि इंजिन एकाच दांड्यावर असतं, गरम इंजिनात पातं हाताने फिरवलं तर ते सुरू होऊ शकतं, आणि तेव्हा तुमची बोटं पात्यावर असतील. मोअर साफ करायला आडवा करताना टाकी रिकामी, आणि प्लग वरच्या बाजूला येईल किंवा निदान एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असा, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं. खाली चिकटलेलं ओलं गवत खरवडून काढा, तोच पत्रा गंजवतं. पात्याला कानस मारल्यावर मधल्या भोकात खिळा घालून तोलून बघा, एक बाजू खाली गेली तर तिथून अजून थोडं घासा, नाहीतर सगळं मशीन थरथरतं. केबल, नट, बेल्ट यावर एक नजर पुरे.

सिलेंडरच्या पंख्यांसारख्या पट्ट्या आणि दोरीच्या झाकणाखालचा भाग मात्र उघडून बघाच, तिथे वाळलेलं गवत भरलेलं असतं आणि पडून असलेल्या मशीनमध्ये उंदीर घरटं करतात. हवा अडली की इंजिन तापतं, आणि सुकं गवत गरम सायलेन्सरजवळ म्हणजे सरळ आगीला आमंत्रण. ब्रश कटर, चेनसॉच्या सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते, ती काजळीने तुंबली की मशीनची ताकद जाते आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात. काढा, तारेच्या ब्रशने साफ करा, परत लावा. काढून फेकू नका.

इंजिन शेडच्या आत चालवायचं नाही, "फक्त सुरू होतंय का बघतो" म्हणून पण नाही, दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखायला लागतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठून बाहेर यायच्या अवस्थेतच राहत नाही. जनरेटर तर घरापासून, खिडक्या-दारांपासून ६ मीटर तरी लांब, धूर उलट दिशेला. शेडच्या दाराशी, आत नाही, एक पावडरचा आग विझवायचा सिलेंडर टांगून ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर पसरते.

ज्या तिघांनी विचारलं त्यांच्यासाठी. तुमचं आता बिघडलेलंच आहे तर आधी जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टाकीच्या तळाला पाणी किंवा गाळ आहे का बघा, पेट्रोलचा छोटा फिल्टर आणि प्लग नवीन टाका, ताजं पेट्रोल घालून प्रयत्न करा. नाही झालं तर वाटी काढून कार्ब क्लीनरच्या स्प्रेने जेट मोकळा करा, चष्मा घालून, उघड्यावर. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. दोरी ओढायचा जोर वाढवून काही होत नाही.

काल शेवटी मोअरचा प्लग काढून सिलेंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडलं, भोकावर फडकं धरून दोरी दोन-तीनदा हळू ओढली म्हणजे ते आत सगळीकडे लागलं, प्लग परत बसवला, आणि दोरी ओढताना जिथे हाताला जड लागतं तिथे थांबलो. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत जात नाही. प्लगची टोपी बाजूलाच ठेवली. प्लास्टिकचं कव्हर नाही घालत मी, आत घाम धरतं, जुनी सुती चादर टाकतो, तीही इंजिन पूर्ण गार झाल्यावर. मग हँडलला एक पुठ्ठा बांधला, तारीख टाकली आणि खाली लिहिलं: टाकी रिकामी, ऑइल नवीन, फिल्टर धुतला, कॉक बंद, पात्याला धार बाकी. कॅनमध्ये दीड लिटर उरलं होतं, दोन दिवसांपूर्वीच आणलेलं आणि ऑइल न मिसळलेलं, ते आज सकाळी स्कूटरच्या टाकीत घातलं आणि कॅन उघडा करून उन्हात वाऱ्यावर सुकत ठेवलाय.